मिठाची वर्दी

माझ्या ताटात कोणीतरी मीठ घालत होतं.

रोज सकाळी दवाखान्यानं दिलेल्या उशीवर पाच मिनिटं पडायचं, मग फोनवर आकडा यायचा. मला वाचायला फारसं येत नाही, पण आकडे येतात. आकडा वीसच्या आत हवा. माझा अठरा होता, तो एकोणीस झाला, एकवीस झाला, तेवीस झाला. पाच महिने मी मिठाला शिवले नव्हते. लोणचं बंद, पापड बंद, शेंगाची चटणी बंद. तरी अंगात पाणी चढत होतं. पायाला बोट लावलं की खड्डा पडायचा आणि तो भरायला अर्धी घटका लागायची. दुपारी जेवून आडवी झाले की छातीवर कुणी भिजलेलं पोतं टाकल्यासारखं व्हायचं. उठून बसायचं, खिडकीचे गज धरायचे, आणि श्वास परत येईपर्यंत बाहेरच्या बाभळीकडं बघत राहायचं. तो येईल की नाही हे त्या वेळी माहीत नसतं. ज्याला हे झालेलं नाही त्याला सांगून कळणार नाही.

घरात माणसं तीन. मी, माझा मुलगा मल्लू आणि त्याची बायको शिवलीला. मल्लू बॅटरीवरचा दुधाचा टँकर चालवतो, चार-चार दिवस बाहेर. मग राहिलं कोण?

मी म्हादेवी. जत तालुक्यातल्या आमच्या गावात म्हादाक्का म्हणतात. चौथीनंतर शाळा सुटली, पण मठाच्या चुलीवर बेचाळीस वर्षं काढली. जत्रेला पाच हजार पानं उठतात. गव्हाची खीर, आमटी, भात, वांग्याची भाजी. प्रसादाचा स्वयंपाक कुणी चाखत नाही. देवाच्या आधी माणसाची जीभ लागता कामा नये. आम्ही बायका तोंडाला फडकं बांधून चुलीपुढं उभ्या राहतो. डाळ किती, पाणी किती हे डोळ्यानं बघायचं आणि मिठाची मूठ हातानं भरायची. कुठं थांबायचं ते हाताला कळतं. बेचाळीस वर्षांत माझी आमटी एकदा अळणी झाली नाही, एकदा खारट झाली नाही. चुली बदलल्या, लाकडं जाऊन उन्हावरच्या शेगड्या आल्या, माझा हात तोच राहिला. नव्या पोरी वजनकाटा आणायच्या. मी म्हणायची, काटा घरी ठेव आणि माझ्या मुठीकडं बघ.

गेल्या जत्रेत त्याच चुलीपुढं मी पडले.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पाय इतके सुजले होते की जोडवी कापून काढावी लागली. देशिंगे म्हणून डॉक्टरीण होती, माझ्या नातीच्या वयाची. खुर्ची ओढून जवळ बसली.

"आजी, हृदय म्हणजे पंप."

"आमच्या विहिरीवर तीन पंप जळालेत. पुढं बोल."

"तुमचा जळला नाही, दमलाय. रक्त जोरानं पुढं ढकलत नाही, त्यामुळं मागं तुंबतं. त्यातलं पाणी फुप्फुसात उतरतं, पायात उतरतं. आणि मीठ पाण्याला धरून ठेवतं. पोटात जेवढं मीठ, अंगात तेवढं पाणी. गोळ्यांनी आम्ही पाणी काढतो, पण तुम्ही वरून मीठ घालत राहिलात तर गोळ्या हरणार."

"म्हणजे मी घरात बसल्या जागी बुडून मरणार."

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. तेव्हापासून जी भीती बसली ती अजून उठलेली नाही.

काळजातून फुप्फुसाकडं जाणाऱ्या नळीत त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवलं. नळीतला दाब किती, हे ते यंत्र उशीला सांगतं, उशी फोनला सांगते. पाणी तुंबायला लागलं की पाय सुजायच्या आधी आठ-दहा दिवस आकडा चढतो. एकाच वेळी माझ्या, मल्लूच्या, शिवलीलाच्या आणि डॉक्टरणीच्या फोनवर. माझ्या काळजातलं गुपित चार ठिकाणी.

घरी आले आणि अळणी खायला बसले. दोन महिने दवाखान्यानं लावून दिलेल्या डब्यातलं खाल्लं. खाल्लं कसलं, चिवडलं. अळणी आमटी म्हणजे कोमट पाण्यात हळद. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा, गिळायला घशाची परवानगी मिळत नव्हती. नऊ किलो उतरले. डॉक्टरीण म्हणाली, आजी, अशानं तुम्ही मिठानं नाही, उपासानं जाल. आणि तिनं मसूर काढला.

दवाखान्यात त्या यंत्राला लांबलचक नाव आहे, पण दिसायला मसुराच्या डाळीएवढं म्हणून सगळे मसूर म्हणतात. जिभेखाली, चवीची नस जाते तिथं बसवतात. तिनं मला कागदावर जीभ काढून दाखवली.

"जिभेवर मिठासाठी बारीक दारं असतात. मिठाचा कण दारातून आत शिरला की नसेतून इवलीशी वीज जाते. मेंदूला मीठ दिसत नाही आजी, त्याला फक्त वर्दी मिळते, मीठ आलं म्हणून. मसूर ती वर्दी देतो. तुम्ही घास चावला की वर्दी गेली. मीठ नाही, नुसती वर्दी."

"म्हणजे खोटं बोलणारा चाकर ठेवायचा तोंडात."

"तुमच्या भल्यासाठी खोटं बोलणारा."

"आणि खरंच मीठ खाल्लं तर?"

तिनं कागद बाजूला ठेवला. "तरी वर्दी तीच. खरी आणि खोटी मिळून गोंधळ नको म्हणून मसूर खरी वर्दी अडवतो आणि आपली पाठवतो. चिमूट असो नाहीतर मूठ, तुम्हाला बेताचंच लागणार. मिठाच्या बाबतीत तुमची जीभ आंधळी होणार, हे नीट समजून घ्या. इथून पुढं आपल्या ताटात काय पडतं ते डोळ्यानं बघायचं."

मी मान डोलावली. तेव्हाच घाबरायला हवं होतं. पण मी आमटीचा विचार करत होते.

मसूर बसला त्या दिवशी घरी येऊन मी स्वतः माझ्यासाठी पातेल्यात आमटी केली. भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला, आणि मीठ आलं. असं आलं जसं माहेरचं माणूस दारात येतं. मी रडले नाही. नाकातून पाणी आलं ते मिरचीनं.

शिवलीला दारात उभी होती. अंगणवाडीत शिकवते, बारा वर्षं झाली लग्नाला, बोलणं कमी. म्हणाली, "आत्ती, तुमचं पातेलं वेगळं कशाला? सगळ्यांचंच मीठ कमी करते की. मी करते सैंपाक, तुम्हाला उभं राहवत नाही."

"मी मेले नाही अजून," मी म्हणाले. "माझ्या लेकाला माझ्यापायी अळणी घालू नकोस. आणि माझं मी करते. तुझ्या हाताला चव नाही."

हे मी तिला बारा वर्षं सांगत आले होते. मठात चुलीवर घ्या म्हणाली तेव्हाही हेच सांगितलं होतं. आणि गेल्या जत्रेत मी पडल्यावर मठानं तिलाच बोलावलं. जत्रेनंतर लोकांनी आमटीची वाहवा केली. ते माझ्या कानावर आलं होतं.

म्हणून आकडा चढायला लागला तेव्हा माझ्या शंकेला दुसरं घर शोधावं लागलं नाही.

तेविसावर डॉक्टरणीचा फोन आला. मल्लू घरी होता, त्यानं फोन मोठ्या आवाजात लावला.

"आजी, मीठ खाताय."

"नाही."

"आजी, आकडा खोटं बोलत नाही."

"मीही नाही. बेचाळीस वर्षं देवाचं अन्न शिजवलंय मी."

"मग तुमच्या पानातली आमटी घरातल्या कुणीतरी चाखून बघा. आत्ता. मी फोनवर आहे."

गंमत बघा, इतक्या दिवसांत हे कुणाला सुचलं नव्हतं. माझं पातेलं म्हणजे आजाऱ्याचं पातेलं, त्यात कोण चमचा घालणार? मल्लूनं माझ्या वाटीतून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्याचं तोंड बघून मला समजलं.

"अव्वा, यात मीठ हाय की. चांगलं बेताचं हाय."

कोणीतरी रोज, बेतानं, मला विष घालत होतं, आणि मी मिटक्या मारून खात होते.

त्या दुपारी अंगणात पाच-सहा बायका शेवया वाळवायला आलेल्या होत्या. घरात बोलायला हवं होतं, मी अंगणात बोलले. म्हणाले, "बघा गं बायांनो, शिकलेली सून. सासूला विष पाजून मारतात हे ऐकलं होतं. ही मीठ घालून मारतेय."

शिवलीलाच्या हातात शेवयांची काठी होती. ती तिनं हळूच दोरीवर ठेवली, एक शेवई तुटू दिली नाही. मग म्हणाली, "आत्ती, मी तुमच्या पातेल्याला हात लावत नाही. बारा वर्षांत लावू दिला नाहीत."

"मग भुतानं घातलं?"

"मला माहीत नाही."

"मठाची चूल पायजे होती ना तुला? मिळाली की. आता घर पायजे?"

बायका शेवयांकडं बघत राहिल्या. मल्लू म्हणाला, "अव्वा, पुरे." मी त्यालाही सुनावलं. त्या दिवसापासून शिवलीलानं नेम केला. मी स्वयंपाकघरात असले की ती उंबरठ्याच्या आत यायची नाही. माझं आवरून मी बाहेर आले की मग तिचं आणि मल्लूचं करायची. एका छपराखाली दोन घरं झाली.

आणि तरी आकडा चढला. चोवीस. पंचवीस.

गोळी दुप्पट केली. दिवसभर मोरीकडं फेऱ्या. पंचवीसचा सव्वीस झाला. आता मला दोन उशा लागायला लागल्या, मग तीन, मग मी भिंतीला टेकूनच बसायला लागले. बोलताना वाक्याच्या मधे श्वास घ्यावा लागायचा, आणि माझ्यासारख्या बाईला ते मरणापेक्षा वाईट. भीती अशी काही असते की माणूस कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या हाताकडं बघायला लागतं. शिवलीलानं मला पाण्याचा तांब्या दिला तर मी तो ओतून स्वतः भरून घ्यायची. मी अंघोळीला गेल्यावर ती आत शिरत असणार, असं मी धरून चालले. अंघोळीला जाताना पातेलं बरोबर न्यायला लागले. हसू नका. पातेलं बादलीशेजारी ठेवून मी अंघोळ केली.

शेवटी भावाला बोलावलं. इराप्पा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, मंगळवेढ्याला असतो. शांत माणूस, आयुष्यात कुणाला दुखवलं नाही, आणि माझ्यासमोर तर खोकायलाही विचारतो. सकाळच्या गाडीनं आला.

मी त्याला सांगितलं, "स्वयंपाकघराच्या दारात बसायचं. मी चूल पेटवल्यापासून ताट वाढेपर्यंत उठायचं नाही. ती कधी येते, काय करते, नीट बघ. मग चार माणसांत सांग."

"बरं अक्का."

तो दारात पाट टाकून बसला. शिवलीला तेव्हा अंगणवाडीत होती. मी स्टुलावर बसूनच डाळ शिजवली, वांगी चिरली, फोडणी केली. दम लागायचा, पण इराप्पा आल्यानं जीव जरा हलका झाला होता. बोलत होते. धाकट्या चुलत्याच्या, आप्पांच्या, लग्नात खीर कमी पडली आणि मी चौदा वर्षांची असताना दुसऱ्या घाण्याची खीर कशी केली, ते सगळं. तो हं हं करत होता. शिवलीला काही आली नाही. दीड वाजता मी आमटी उतरवली आणि वाटी त्याच्यापुढं केली.

"चाख."

त्यानं चाखली. वाटी खाली ठेवली.

"मीठ हाय का?"

"हाय."

मी मागच्या दाराकडं बघितलं. "ती कुठनं आली? मागच्या दारानं? मी बोलत होते तेव्हा?"

"ती आली न्हाई अक्का."

"मग?"

इराप्पानं चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला, परत काढला.

"तू रागावशील."

"बोल."

"तूच घातलंस."

मी पळी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुला म्हातारचळ लागला का रे? मी मीठ घालीन? मी? मरायला?"

"दोनदा घातलंस. एकदा डाळीत आणि एकदा वांग्यात. आप्पांच्या लग्नाचं सांगत व्हतीस. माझ्याकडं बघून बोलत व्हतीस, आणि तुझा हात मागं डब्यात गेला, मूठ भरली, पातेल्यावर उघडली. तुझं तिकडं ध्यानच नव्हतं."

"आणि तू गप्प बसलास?"

"मला वाटलं डॉक्टरनं थोडं चालतंय म्हणून सांगितलं असंल." मग खाली बघून म्हणाला, "आणि तुझ्या हाताला कधी कुणी विचारलंय का अक्का? आमच्यात कुणाची हिंमत झाली?"

मी त्याला आण घ्यायला लावली. त्यानं घेतली. तरी पटेना. दुसरं पातेलं ठेवलं, पाणी उकळलं, डाळ टाकली आणि मी माझ्या उजव्या हाताकडं डोळे लावून बसले. काही झालं नाही. हात मांडीवर गपगार पडलेला. मी इराप्पाला म्हणाले, "बघ. बघितलंस?" तो म्हणाला, "तू त्याच्याकडं बघतीयास म्हणून. जरा माझ्याशी बोल." काय बोलू? त्यानं विचारलं, "मठात जत्रेच्या आदल्या दिवशी डाळ किती वाजता भिजवायची?" मी सांगायला लागले. पहाटे चारला, मोठ्या हंड्यात, वरून कडुनिंबाची फांदी, आणि पाणी किती ते डाळीच्या वर चार बोटं, आणि—

"अक्का."

खाली बघितलं. हात डब्यात होता.

मनगटापर्यंत आत. मुठीत मीठ. मी त्याला तिथं पाठवलं नव्हतं. मूठ उघडता येईना, बोटं घट्ट झाली होती, इराप्पानं एकेक बोट सोडवलं. पांढरं मीठ डब्यात पडलं आणि मला वाटलं माझ्या खांद्याला कुणा दुसऱ्याच बाईचा हात लावलेला आहे.

आता सगळं उलगडलं. देवाचं रांधताना जीभ बाजूला ठेवायची हा आमचा शिरस्ता. बेचाळीस वर्षांत माझा हात मला न विचारता काम करायला शिकला. इतर कुणा बाईचा हात असा चुकला असता तर पहिल्याच घासाला तिची जीभ ओरडली असती, अगं मीठ आहे यात. माझी जीभ मसुरानं विकत घेतली होती. एक राखणदार झोपेत चोरी करत होता, आणि दुसऱ्याचे डोळे मी स्वतः पैसे देऊन काढले होते.

त्याच संध्याकाळी दम इतका वाढला की गाडी करून मिरजेला न्यावं लागलं. सहा दिवस नाकाला नळी आणि शिरेतून औषध. साडेपाच किलो पाणी निघालं. आकडा एकोणिसावर आला. शिवलीला रोज यायची, डबा ठेवायची, माझी लुगडी न्यायची. डबा दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला, शिक्का मारलेला. तिनं केलेला नाही.

घरी आल्यावर मल्लूनं मिठाचा डबा माळ्यावर ठेवला. तिसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून माळा चाचपत होते, आणि शिवलीलानं हाक मारली तेव्हा मला कळलं मी काय करतेय. त्यानंतर मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. आपल्याच हाताला घाबरून राहणं म्हणजे काय, ते कुणाला न कळो.

त्या दिवशी शेवया वाळवायला आलेल्या सगळ्या बायकांच्या घरी जाऊन मी सांगून आले. प्रत्येक दारात दोनच वाक्यं बोलले. सून निर्दोष आहे. मीच घालत होते. काहींनी चहा विचारला. मी घेतला नाही.

मग शिवलीलाला म्हणाले, "आता तू कर माझं."

"नाही करणार आत्ती."

माझा स्वभाव असा की नकार ऐकायची सवय नाही. पण तिनं चढ्या आवाजात म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता बोलत होती.

"बाई लावा. मल्लूंना सांगा नोकरी बदला. मी तुमच्या ताटात हात घालणार नाही."

"सॉरी म्हणू का? इंग्रजीत म्हणू?"

"रागावले नाही मी. घाबरलेय." आता तिनं वर बघितलं. "उद्या आकडा चढला तर? उन्हानं चढतो, सर्दीनं चढतो, गोळी चुकली तर चढतो. डॉक्टरच म्हणाल्या. मग परत अंगण आहे, परत बायका आहेत. मी घातलं नाही हे सांगायला माझ्याकडं कोण आहे? घरात आपण दोघीच. तुमची जीभ तर सांगू शकत नाही."

पहिल्यांदाच मला दिसलं की भीती या घरात माझ्या एकटीची नव्हती. मी बुडायला भीत होते. ती माझ्या मरणाची खुनी ठरायला भीत होती, आणि रोज सकाळी तो आकडा तिच्याही फोनवर वाजत होता.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं मिरजेला गेले, एकटी. डॉक्टरणीला म्हणाले, "मसूर काढ."

"काढायची गरज नाही, बंद करता येतो. पण का?" मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "आजी, आठवतंय ना? नऊ किलो उतरल्या होतात. परत तेच होईल. अळणी खाऊन तुम्ही जेवणच सोडलं तर मी काय करू?"

"खाईन."

"दीड-दोन महिन्यांनी जिभेला सवय होते. ज्वारीची चव लागते, दुधातलं मीठ लागतं, भाजीतलं लागतं. पण तोवर कठीण जाईल. आणि एक गोष्ट. पहिले पंधरा-वीस दिवस नस जुन्या सवयीनं अधूनमधून खोटी वर्दी देईल. मीठ नसताना मीठ लागेल. घाबरायचं नाही."

"घाबरायचं नाही म्हणणाऱ्या सगळ्या पोरी चांगल्या असतात," मी म्हणाले. तिनं फोनसारखं काहीतरी माझ्या हनुवटीजवळ धरलं, एक बारीक टिकटिक झाली. एवढंच. माझी जीभ मला परत मिळाली, आणि तोंड एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर मी शिवलीलाला सांगितलं, "बंद करून आलेय. आता माझी जीभ तुझी साक्षीदार."

तिनं हात धुतले. मग पदर खोचून आत गेली.

आत भांड्यांचे आवाज येत होते आणि मी बाहेर पलंगावर हात मांडीखाली धरून बसले होते. मल्लू टँकर घेऊन सोलापूरकडं गेलेला. फोडणीचा वास आला. लसूण, जिरं, कोथिंबीर, भाजलेलं खोबरं. चिंचेचा कोळ जरा जास्त घातला होता, अळणीपण झाकायला. शहाणी आहे. मी कधी घातला नसता.

तिनं ताट आणलं. आमटी, ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी. स्वतःचंही ताट समोर मांडलं, त्याच पातेल्यातलं. माझ्या समोर बसली, पण हात लावला नाही. माझ्याकडं बघत राहिली.

मी भाकरी मोडली. आमटीत बुडवली. घास तोंडात घातला.

मीठ लागलं.

स्वच्छ, बेताचं, ओळखीचं. जिभेच्या दोन्ही कडांना. डॉक्टरणीनं सांगितलं होतं, नस खोटं बोलेल. हे ते असेल. किंवा बारा वर्षांची सवय म्हणून शिवलीलाच्याही हातून पडलं असेल. किंवा ते तिसरं, जे मी अंगणात बोलले होते. तीनही वाटा एका घासात, आणि माझ्याजवळ त्या वेगळ्या करायला काही नव्हतं. तिला म्हटलं असतं, तू चाखून सांग, तर एवढ्या एका वाक्यानं ती उठून गेली असती आणि परत कधी आत आली नसती. न विचारावं, तर उद्या सकाळी उशी सांगणार. तोवर आख्खी रात्र भिंतीला टेकून.

"लागतंय का?" शिवलीलानं विचारलं. तिचा आवाज फुटला होता. "मीठ?"

मी घास गिळला.

"नाही," मी म्हणाले. "काहीच लागत नाही. जेव तू, गार होतंय."

तिनं पहिला घास घेतला. मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. ताटाकडं बघत एकेक घास मोडत गेले, आणि आमटी संपली तेव्हा रिकामी वाटी परत वाढायला तिच्यापुढं केली.